उर्वरित मूलपेशींबाबत

आमच्या घरात सोपे शब्द अवघड करण्याचं खातं माझ्याकडे होतं. पगारही मला त्याचाच मिळायचा. नगरच्या एका सरकारी कचेरीत वरून आलेली इंग्रजी परिपत्रकं मराठीत उतरवायची, हे माझं काम. कोणी नुसतं 'पाणी सोडा' म्हटलं असेल, तर माझ्या टेबलावरून ते 'जलविसर्ग करण्यात यावा' होऊन बाहेर पडायचं. बायको म्हणायची, "तुम्ही भाजी आणायला जात जाऊ नका. तुम्हाला बघितलं की तो भाजीवाला गाडी पुढं ढकलतो." मी हसण्यावारी न्यायचो, पण मनातून मला ते कौतुकच वाटायचं. ऐकणारा दचकला म्हणजे शब्द वजनदार, अशी माझी समजूत होती.

ही समजूत मोडली नव्वदच्या दशकाच्या शेवटाशेवटाला. मोडणारी व्यक्ती तेव्हा पाचवीत होती.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, देवळाली प्रवऱ्याला दिलेली. दाजी साखर कारखान्यात फिटर. घरचा तीन एकर ऊस होता, तो अक्काची सासू बघायची. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला पाव्हणं म्हणायच्या. अक्काला दोन मुली. थोरली अकरा वर्षांची आणि धाकटी सहाची. त्या वर्षी धाकटीच्या अंगावर कुठे न आपटता काळेनिळे डाग उठायला लागले. नाकातून रक्त यायला लागलं की टॉवेल भिजेपर्यंत थांबायचं नाही. राहुरीच्या डॉक्टरांनी नगरला पाठवलं, नगरच्यांनी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात. तिथल्या डॉक्टरबाई आमच्याएवढ्याच वयाच्या, बोलायला शांत. त्यांनी आम्हा सगळ्यांना बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "आपल्या हाडांच्या आत रक्त तयार करणारा कारखाना असतो. तुमच्या मुलीचा तो कारखाना बंद पडलाय."

कारखाना म्हटल्यावर दाजी सावरून बसले. "बंद म्हंजे मशिनरीत बिघाड, का ऊसच न्हाई?"

डॉक्टरबाईंना प्रश्न समजला नाही. मला समजला होता. पण मी समजावून सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कानं मला कोपर मारलं.

उपाय एकच होता. सख्ख्या भावंडाचं जुळलं, तर त्याच्या हाडातला मगज थोडा काढून हिला द्यायचा. थोरलीचं रक्त तपासलं आणि ते जुळलं. अक्का तिथंच बाकावर रडायला लागली. थोरलीला वाटलं आपलं काहीतरी नापास झालं.

मग डॉक्टरबाईंनी दोन कागद पुढे केले, दोन्ही इंग्रजी. पहिला, थोरलीकडून धाकटीसाठी घ्यायच्या मगजाबद्दल. दुसरा, धाकटीला देऊन जे थोडंफार उरेल ते रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला अभ्यासासाठी ठेवू द्याल का, याबद्दल. "दुसऱ्या कागदाला नाही म्हणालात तरी धाकटीच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही," असं त्या दोनदा म्हणाल्या. "घाई करू नका. कागद घरी न्या, समजून घ्या, मोठ्या मुलीलाही समजावून सांगा. आठ दिवसांनी या. तुमच्यात इंग्रजी कोणाला येतं?"

मी आधीच उभा राहिलो होतो.

नगरच्या सावेडीतल्या आमच्या फ्लॅटवर शनिवार-रविवार बसून मी ते कागद मराठीत केले. बाकी सगळं भराभर झालं, एका शब्दानं अडवलं. त्या मगजात ज्या पेशी असतात, ज्यांच्यातून सगळं रक्त तयार होतं, त्यांना इंग्रजीत 'स्टेम' पेशी म्हटलं होतं. शब्दकोशात स्टेमला खोड, देठ, दांडा, बुंधा असं दिलेलं. 'खोडपेशी' म्हणून बघितलं. खोड म्हणजे वाईट सवयसुद्धा, त्यामुळे ती शाळेत रोज मार खाणारी पेशी वाटायला लागली. शिवाय शब्द खेडवळ. 'देठपेशी' वांग्याला शोभली असती. मग एकदम डोक्यात उजेड पडला. मूलद्रव्य, मूलभूत, मूलगामी. मूल म्हणजे मूळ. मूलपेशी!

इतका खूश झालो की स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ऐकवला. ती कणीक मळत होती.

"कुणाचं मूल?" तिनं विचारलं.

"संस्कृतातलं," मी म्हणालो.

"मग बरं," म्हणून ती पुन्हा परातीकडे वळली.

एवढा धडधडीत इशारा मिळूनही मी सोमवारी कचेरीतल्या मराठी टाइपरायटरवर पक्की प्रत केली. त्यातलं दुसऱ्या कागदावरचं वाक्य मला अजून पाठ आहे. "उर्वरित मूलपेशी, दात्याच्या पालकांची संमती असल्यास, प्रयोगशाळेत जतन करून त्यांची वाढ करण्यात येईल व त्या संशोधनार्थ वापरण्यात येतील." दाजी नगरला आले होते, त्यांच्या हातात लिफाफा दिला. वर म्हणालो, "काही अडलं तर विचारा." म्हणजे अडेल याची मला खात्री होती, आणि त्याचा थोडा अभिमानही होता.

तिसऱ्या दिवशी कचेरीत दाजींचा फोन आला, एसटीडी बूथवरून.

"भाऊ, तुमचा कागद घरात वाचला. आई न्हाई म्हनती."

"दुसऱ्या कागदाला?"

"दोनीला. आपरेशनच नगं म्हनती. तुमी या बरं उद्या. अन् येताना आनखी काही लिहून आनू नका."

आठ दिवसांतले तीन उरले होते. धाकटीला दर थोड्या दिवसांनी दुसऱ्याचं रक्त चढवावं लागत होतं आणि ते तिला पुरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून मी राहुरीला उतरलो, तिथून टेम्पोत उसाच्या पाचटाशेजारी बसून देवळालीला पोचलो.

मावशी मळ्यात होत्या. लागणीचे दिवस होते. चार बाया खाली बसून कोयत्यानं उसाच्या कांड्या तोडत होत्या, आणि मावशी एकेक कांडी उचलून तिच्या पेरावरचे डोळे बघून बाजूला टाकत होत्या. जिचा डोळा चेपलेला, ती कांडी जनावरांकडे. चांगला टपोरा डोळा असेल ती सरीत लावायला. अक्का आणि दाजीही तिथंच बांधावर उभे. मला बघून बायांनी हात थांबवले. कागदाची कीर्ती मळ्यापर्यंत आली होती.

"या पाव्हणं," मावशी म्हणाल्या. "बसा. तुमी लई शिकल्यालं. मला येक सांगा, मूलपेशी म्हंजे मूल हुयाच्या पेशी का न्हाई?"

"नाही मावशी. मूल म्हणजे इथं मूळ. संस्कृतात—"

"संस्कृत हितं कोन बोलतं? तुमचं दाजी? का माजी म्हस?"

बाया हसल्या. दाजी कारखान्याच्या चिमणीकडे बघायला लागले.

"पोरीच्या अंगातनं मुलाच्या पेशी काढायच्या," मावशी एकेक बोट मोजत म्हणाल्या. "काही हिला द्यायच्या. उरल्याल्या दवाखान्यात ठिवून वाढवायच्या. आसंच लिव्हलंय का न्हाई तुमी? उद्या तिचं लगीन झाल्यावर पोर झालं न्हाई तर? तुमी जानार व्हय तिच्या सासरी परिपत्रक घिऊन?"

मी मनात माझं वाक्य पुन्हा वाचलं. मावशी म्हणत होत्या ते शब्दाशब्दानं त्यात होतं. माझ्या मनातलं मात्र एक अक्षरही नव्हतं.

"आत्याबाई, भाऊला तसं म्हणायचं नव्हतं," अक्का म्हणाली. तिचा आवाज इतका थकलेला होता की मला मान वर करवेना.

"मग कसं म्हनायचं हुतं? आगं, धाकटी माजी न्हाई का? तिच्या उशाला मीच बसती. पर एकीला जगवाया दुसरीचं वाटुळं करा, आसं मला कुनी सांगू नका. डॉक्टरीन म्हनली कारखाना. बरं. ह्या कारखान्याची मशिनरी काढून त्या कारखान्यात बसवली तर ह्यो चालंल व्हय? तू सांग रं, फिटर हायेस न्हवं?"

दाजी फार सरळ माणूस. "न्हाई चालायचा," म्हणाले. अक्कानं त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोन पावलं मागे सरले.

मी खाली मातीत बसलो. पँटची इस्त्री गेली. "मावशी," म्हटलं, "ती मशिनरी नाही. मशिनरी काढली की जागा रिकामी राहते. हे परत भरून येतं. कमरेच्या हाडातून थोडं काढतात, बाकी सगळं आत राहतं, आणि महिना-दीड महिन्यात होतं तेवढं पुन्हा होतं."

मावशींनी हातातली कांडी खाली ठेवली. "आपलं आपन?"

"आपलं आपण."

"म्हंजे खोडव्यागत? ऊस तोडला तरी खालचं खोड पुन्ना फुटतंय तसं?"

"अगदी खोडव्यासारखं," मी म्हणालो, आणि रविवारी मी खेडवळ म्हणून खोडलेली खोडपेशी माझ्याकडे बघून दात काढायला लागली.

"अन् त्या धाकटीला देत्यात ते काय?" मावशींनी समोरची कांडी उचलली. "ह्ये? बेनं?"

आमच्याकडे लागणीसाठी तोडलेल्या उसाला बेणं म्हणतात. सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द. मी अख्खा शब्दकोश पालथा घातला होता आणि तो तिथं शेताच्या बांधावर पडलेला होता.

"बेणंच," मी म्हणालो. "रक्ताचं बेणं. त्यातून फक्त रक्तच उगवतं. मूल नाही."

"मंग आसं लिव्हाया तुमचा हात दुखत हुता का?" एक तोडणारी बाई मधेच म्हणाली, आणि मळाभर हशा झाला. मीही हसलो, दुसरं काय करणार.

पण मावशी हसल्या नाहीत. ती कांडी त्यांनी हातात फिरवली. "बेनं न्यायचं तर आदी मळ्याच्या मालकाला इचारत्यात. ह्या कागदावर बापाची सही, आईची सही. जिच्या अंगातनं काढायचं तिला कुनी इचारलंय का?"

"विचारलं की आत्याबाई," अक्का म्हणाली. "पहिल्याच दिवशी विचारलं. लगेच हो म्हणाली ती."

"हो म्हनली. अन् कागद आल्यापास्नं भाकरी कुटं खाती? ताटात बोटं फिरवती अन् उठती. तुजं ध्यान धाकटीकडं हाय, तुला कसं दिसंल. मला दिसतंय."

सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं. कागद माझा होता.

थोरली मागच्या दाराशी चुलीवर पाणी उकळत होती. धाकटीला उकळलेलंच पाणी द्यायचं असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते काम तिनं घेतलं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हती. धाकटी आत खाटेवर झोपलेली. मी पायरीवर बसलो.

"मामा, ते तूच टाइप केलंस?"

"हो."

"एकपण चूक नाही त्यात."

"तुला काय माहीत," मी म्हणालो.

तिनं फुंकणीनं चूल फुंकली. मग हळूच म्हणाली, "एक विचारू? आईला नाही ना सांगणार?"

"विचार."

"त्याला भेटायला जाता येईल का?"

"कुणाला गं?"

"उर्वरितला."

मला काही कळेना. तिनंच सांगितलं. बाईंनी वर्गात पेपरातली मेंढीची बातमी वाचून दाखवली होती, एका मेंढीच्या पेशीपासून तिच्यासारखीच दुसरी आख्खी मेंढी केली ती. फळ्याला चिकटवलेला त्या मेंढीचा फोटोही तिनं बघितला होता. त्यामुळे माझं वाक्य तिनं नीट लावलं होतं. आपल्यातल्या मूलपेशी काढणार. थोड्या धाकटीला. ज्या उरतील त्या जतन करून वाढवणार, म्हणजे त्याचं मूल होणार. ते दवाखान्यात राहणार. संशोधनाला.

"मी नाही म्हणाले असते तर धाकटीचं कसं झालं असतं? म्हणून हो म्हणाले," ती म्हणाली. "पण ते तिथं एकटंच असणार. त्याला जेवायला कोण घालणार? मामा, मी त्याला नाव पण शोधलंय, पण मुलगा का मुलगी ते कागदात दिलेलं नाही."

मी परिपत्रकं लिहिणारा माणूस. संमती म्हणजे कागदाच्या तळाशी उजवीकडे केलेली सही, असं मी धरून चाललेलो. ही अकरा वर्षांची पोर चार दिवस एक आख्खं मूल देऊन टाकायची तयारी करत होती, कुणाला न सांगता, आणि आम्ही तिच्या 'हो'वर खूश होऊन तिकिटं काढायला निघालो होतो. तिचा होकार खरा होता. पण कशाला होता तो!

"मूल नाही," मी म्हणालो. "अजिबात मूल नाही. मीच चुकीचा शब्द घातला."

"अजिबात नाही?"

"रक्त फक्त. चमचाभर लालसर पाणी उरेल बघ."

"मग तू मूल का लिहिलंस?"

"छान वाटलं म्हणून."

तिनं फुंकणी खाली ठेवली. मला वाटलं रडेल. ती चिडली. आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "छान वाटलं म्हणून? मी गणिताच्या तासालासुद्धा त्याचाच विचार करत होते! मला बाईंनी उभं केलं!" आणि मग हुंदका आला तो आलाच. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तो झटकला. दोन मिनिटांनी परत टेकू दिला.

मग तिनं कागद आणला आणि माझी उलटतपासणी सुरू केली. 'अल्पकालीन अस्वस्थता संभवते' म्हणजे काय? दुखेल. किती? सुई टोचताना भूल असेल, पण नंतर चार-पाच दिवस कंबर ठणकेल, बसता-उठता कळ येईल. मग दुखेल असं का नाही लिहिलं? भूल म्हणजे काय, उठलेच नाही तर काय, शाळा किती बुडेल. जे येत होतं ते सांगितलं, जे येत नव्हतं ते कागदाच्या मागे लिहून घेतलं, डॉक्टरबाईंना विचारायला.

"आणि मी नाही म्हणाले तर?"

घरात आमच्यापैकी कुणीही हा प्रश्न मोठ्यानं विचारलेला नव्हता. मला तो नको होता. मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाचं जुळत नाही. ते खरं आहे. पण तुला धरूनबांधून नेणार नाही कुणी. मी नेऊ देणार नाही." बोललो खरा, आणि आत खाटेवरच्या पोरीचा श्वास मला बाहेर ऐकू यायला लागला.

"नाही म्हणत नाहीये मी," ती म्हणाली. "विचारतेय नुसतं." आणि दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "हे उरलेलं त्यांना कशाला पाहिजे?"

"काही मुलांना बहीणच नसते. किंवा असते पण जुळत नाही. त्यांच्यासाठी काही करता येईल का, ते शोधायला."

"नाही दिलं तर काय करतात त्याचं?"

"फेकून देतात."

"आणि मी नाही म्हणाले, तरी धाकटीचं अडत नाही?"

"नाही. डॉक्टरबाई दोनदा म्हणाल्या."

"मग ह्याचं मी नंतर सांगते," असं म्हणून ती पातेलं उतरवायला उठली. दुपारी तिनं तीन भाकरी खाल्ल्या. मावशी वाढत होत्या, त्यांनी मोजल्या आणि मला नजरेनं दाखवल्या.

जेवणानंतर ओट्यावर बसून आम्ही नवे कागद केले. मी लिहायला आणि बाकी सगळे खोडायला. 'प्रतिरोपण' गेलं. 'दाता' गेला, कारण मावशींच्या मते दाता देवळात असतो. 'दुखेल' आलं, तेही 'चार-पाच दिवस दुखेल' असं. 'रक्ताचं बेणं' तीन ठिकाणी आलं. माझ्या आयुष्यातलं ते एकमेव भाषांतर, जे वाचून झाल्यावर एकानंही डोकं खाजवलं नाही.

ठरलेल्या दिवशी आम्ही मुंबईत हजर. डॉक्टरबाईंनी पहिला कागद वाचला, बेण्यापाशी थांबल्या. "बेणं म्हणजे?" मावशी याच प्रश्नासाठी एवढ्या लांब आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून खरोखरीची दोन डोळ्यांची कांडी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरबाईंनी ती हातात घेऊन डोळा बोटानं चाचपला आणि म्हणाल्या, "मी सगळ्यांना कारखाना सांगत आले."

"कारखाना नगा सांगू बाई," मावशी म्हणाल्या. "मानूस भितं."

दुसऱ्या कागदाच्या तळाशी थोरलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं. कधी लिहिलं ते आम्हाला माहीत नव्हतं. "उरलेले बेणे अभ्यासाला घ्यावे. मेंढीसारखे काही करू नये. काय शोध लागला ते आम्हाला कळवावे."

मला वाटलं आता डॉक्टरबाई कौतुकानं हसतील आणि कागद फाइलीत टाकतील. मोठी माणसं लहानांच्या लिखाणाचं करतात तसं. त्या हसल्या नाहीत. तीन ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या.

"पहिलं मान्य," त्या थोरलीला म्हणाल्या. "दुसरं मान्य, तसं काही आम्ही करतच नाही, पण मी लिहून देते. तिसरं," त्या जरा थांबल्या. "खरं सांगू? आम्हाला कळवा, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. खूप वेळ लागेल हं. कदाचित काहीच सापडणार नाही."

"मग सापडलं नाही असं कळवा," थोरली म्हणाली.

छापील कागदावर आईबापाच्या सहीला जागा होती, तिच्या सहीला नव्हती. डॉक्टरबाईंनी पट्टी घेऊन एक रेघ मारली आणि पेन तिच्याकडे दिलं.

पुढचे दिवस मी इथं फार लांबवत नाही. थोरलीची कंबर दुखली, पाच दिवस, आणि प्रत्येक दिवशी तिनं मला "कागदात बरोबर लिहिलं होतं" म्हणून सांगितलं. धाकटी काचेपलीकडे एका खोलीत, औषधांनी डोक्यावरचे केस गेलेले, तोंडाला फोड आलेले. अक्का टोपी-मास्क घालून तिच्याजवळ, आम्ही बाहेरून हात हलवायचो. पहिला आठवडा काही नाही. दुसरा आठवडा ताप. तिसऱ्या आठवड्यात दाजींचा कचेरीत फोन आला. म्हणाले, "भाऊ, रक्तात पांढऱ्या पेशी दिसाया लागल्या. आईला सांगितलं. म्हनली, फुटलं का बेनं!" मी 'अभिनंदन' वगैरे म्हणणार होतो. तोंडातून आलं, "फुटलं, दाजी, फुटलं." शेजारच्या टेबलावरच्या हेडक्लार्कनं माझ्यासाठी पाणी मागवलं.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पेपरात बातम्या येऊ लागल्या, की परदेशात आईच्या पोटात रुजण्याआधीच्या गर्भातून अशा पेशी काढून वाढवल्यात, आणि हे करावं की नाही यावर मोठी माणसं भांडतायत. मला त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. पण आधी मी अशी बातमी वाचून शब्द शोधत बसलो असतो. आता मी वाचताना बघायचो, ज्याचं घेतलं त्याला कुणी विचारलं का, आणि विचारलं तर त्याला समजेल असं विचारलं का. त्या गर्भाला तर विचारताच येत नाही, मग त्याच्या वतीनं कुणी बोलायचं? याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. पण प्रश्न आता घाबरवत नाही. मेंढीपासून उर्वरितपर्यंत सगळा विचार करू शकणारी माणसं पाचवीच्या वर्गात बसलेली असतात, हे मी बघितलंय.

रुग्णालयाचं पत्र दीड वर्षानं आलं. थोरलीच्या नावानं. अजून काही सापडलं नाही, काम चालू आहे, एवढंच.

त्याच्या आसपास दिवाळीत मी देवळालीला गेलो होतो. धाकटीचे केस परत आलेले, आधी सरळ होते ते आता कुरळे. दोघी मागच्या अंगणात एका पेरूवरून भांडत होत्या. पेरू एक, तो धाकटीच्या हातात.

"दे तो इकडं," थोरली म्हणाली. "माझ्यामुळं उभी आहेस तू. माझं बेणं आहे तुझ्या अंगात."

"मग घे काढून," धाकटी म्हणाली, आणि कंबर पुढे करून उभी राहिली.

ओट्यावर तांदूळ निवडत असलेल्या अक्काचा हात सुपात तसाच राहिला. मावशींनी मान वर केली. थोरलीनं बहिणीच्या कमरेकडे बघितलं, मग पेरूकडे.

"नको," ती म्हणाली. "ते तुला दिलंय. पेरू कुठं दिलाय?"

धाकटीनं याचा विचार केला. पेरूचा मोठा लचका तोडला आणि उरलेला बहिणीपुढे धरला. थोरलीनं तो घेतला, कुठं कुठं दात लागलेत ते उलटून पालटून बघितलं, आणि खाल्ला.